पोलिसांचा सातबारा

कोळवणच्या खोऱ्यांत ज्या शेतकऱ्याचीं भाताचीं दोन खाचरें आहेत, त्याचा निम्मा संसार एका कागदावर उघडा मांडलेला असतो. त्या कागदास सातबाऱ्याचा उतारा म्हणतात. जमीन कोणाची, तींत भावाबहिणींचे हिस्से किती, सोसायटीच्या कर्जाचा बोजा किती, विहीर आहे कीं नाहीं, पीक कोणतें घेतलें, हें सर्व त्या उताऱ्यावर असतें. आणि जमीन हातीं कशी आली, वांटणी केव्हां झाली, वारस कोण लागले, हें फेरफाराच्या नोंदींवरून कळतें. पूर्वीं हा उतारा पाहण्यासाठीं तलाठ्याच्या दप्तरापर्यंत जावें लागे. आतां पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत बसून भ्रमणध्वनीवर गट क्रमांक घातला, कीं कोळवणच्या कोणत्याहि शेताचा उतारा क्षणांत डोळ्यांपुढें येतो. मुळशीच्या जमिनीस सोन्याचें मोल आल्यापासून असे परके डोळे त्या उताऱ्यांवरून किती वेळां फिरले असतील याची गणती नाहीं. तरीहि आपलें कर्ज आणि आपल्या घरांतील वांटण्या चारचौघांस दिसतात म्हणून शेतकऱ्यानें कधीं हंबरडा फोडला नाहीं. जमीन ही केवळ माझी खासगी वस्तु नाहीं, तिच्या मालकीशीं दुसऱ्यांचेहि हितसंबंध गुंतलेले आहेत, एवढें त्याला कोणीं न शिकवितां कळतें.

आतां याच शेतकऱ्यानें दुसऱ्या एका दप्तराची चौकशी करून पाहावी. कोळवण पौडच्या पोलीस ठाण्याच्या हद्दींत येतें; तें ठाणें पुणें ग्रामीण पोलीस दलांतील आहे. या किंवा महाराष्ट्रांतील कोणत्याहि ठाण्याविषयीं त्यानें चार साधे प्रश्न विचारावे. गेल्या पांच वर्षांत येथील अधिकाऱ्यांविरुद्ध किती तक्रारी आल्या? त्यांतील किती खऱ्या ठरल्या व कोणास काय शिक्षा झाली? बदलून आलेल्या नव्या साहेबांवर मागल्या ठाण्यांत कांहीं ठपका होता काय? आणि पोलिसांच्या चुकीबद्दल न्यायालयाच्या हुकुमानें सरकारी तिजोरींतून किती रुपये भरपाई द्यावी लागली? या प्रश्नांचीं उत्तरें देणारा उतारा कोणत्याहि दप्तरांत सामान्य माणसास मिळत नाहीं. एखाद्या विशिष्ट ठाण्यावर ठपका ठेवण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. ठपका आहे तो पद्धतीवर. ज्याच्याजवळ दोन खाचरें आहेत त्याची नोंद उघडी, आणि ज्याच्या हातीं आपणांस पकडून कोंडण्याचा अधिकार आहे त्याची नोंद बंद, ही व्यवस्था लोकराज्यास शोभत नाहीं. शेताप्रमाणें पोलिसांच्या अधिकाराचाहि एक सातबारा असला पाहिजे व तो कोणासहि वाचतां आला पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कोणी म्हणेल, पोलिसांचें काम गुप्ततेचें. तेथें असल्या नोंदी उघड्या कशा करावयाच्या? पण गुप्तता ही पोलिसांस एकाच बाजूनें प्रिय असते असें दिसतें. नागरिकाविरुद्ध फिर्याद नोंदली गेली, कीं कांहीं नाजूक प्रकारचे गुन्हे वगळतां ती चोवीस तासांच्या आंत पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. आरोपीच्या सोयीसाठीं दिलेला हा आदेश योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ असाहि होतो कीं, गुन्हा शाबीत होणें दूर राहो, तपाससुद्धां सुरू झालेला नसतांना आरोपीचें नांव जगजाहीर होतें. तरुणास नोकरी लागावयाची तर पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणावा लागतो, आणि ठाण्याचें दप्तर चाळून तो दिला जातो. सराईत म्हणून ज्याचें नांव एकदां वहींत चढलें, त्याच्या घरीं रात्रीं-अपरात्रीं हाका पडतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५६ व्या कलमानें एखाद्यास जिल्ह्याबाहेर तडीपार करितां येतें, आणि त्यासाठीं ज्यांच्या जबान्या घेतल्या जातात त्या साक्षीदारांचीं नांवें त्याला सांगितलींच पाहिजेत असें नाहीं. थोडक्यांत, संशयावरून आमची वही भरत जाते व उघडी राहते. पोलिसाची वही दोष सिद्ध झाल्यावरसुद्धां मिटलेलीच राहते.

ती मिटलेली कशी राहते हें पाहण्यासारखें आहे. मुंबई पोलीस (शिक्षा व अपिलें) नियम १९५६ सालचे आहेत. त्यांत ताकिदीपासून बडतर्फीपर्यंत शिक्षांच्या पायऱ्या आहेत. म्हणजे खात्यास दोष दिसत नाहीं असें नव्हे. परंतु ती शिक्षा जाते सेवापुस्तकांत, आणि सेवापुस्तक जातें कपाटांत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालीं झाला तेव्हां हें कपाट उघडेल अशी आशा वाटत होती. महाराष्ट्रानें तर त्यापूर्वींच, २००२ सालीं, आपला स्वतंत्र कायदा करून या बाबतींत आघाडी घेतली होती. पण ३ ऑक्टोबर २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणांत निकाल दिला, कीं सरकारी नोकरास मिळालेल्या कारणें दाखवा नोटिसा, ठपके व शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती होय. मोठें सार्वजनिक हित दाखविल्यावांचून ती मागतां येणार नाहीं. प्रकरण अकोल्यास काम केलेल्या भविष्यनिर्वाह निधीच्या एका अधिकाऱ्याचें. त्याचा पोलिसांशीं कांहींच संबंध नव्हता. तरी त्या निकालाची छत्री सर्व खात्यांनीं डोक्यावर धरली. पुढें २०२३ सालच्या व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या कायद्यानें माहितीच्या अधिकारांतील तें कलमच आंखडलें, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत ती दुरुस्ती अमलांत आली. त्या कलमांतच सार्वजनिक हिताची जी खिडकी होती ती बुजविली गेली. सार्वजनिक हित मोठें असेल तर माहिती द्यावी असें सांगणारें दुसरें एक सर्वसाधारण कलम अजून शिल्लक आहे. पण त्या दारांतून आंत जाण्यास वकील, वेळ आणि चिकाटी लागते. कोळवणच्या शेतकऱ्याजवळ या तिन्हींपैकीं एकच गोष्ट असते.

मग त्यानें तक्रार तरी करावी कोठें? खेड्यांतल्या माणसांचे अर्ज लिहून देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर कधीं कधीं येतो, आणि त्यावरून एवढें सांगतां येतें कीं, खरी अडचण अर्ज लिहिण्याची नसून त्याची पोच मिळविण्याची असते. एका गृहस्थानें आपल्या मुलास झालेल्या मारहाणीचा अर्ज एका ठाण्यांत नेला. ठाणे अंमलदार सौजन्यानें म्हणाले, "ठेवून जा, साहेब आले कीं पाहूं." पोच मागतांच सौजन्य संपलें. मग तो अर्ज टपालानें वरिष्ठांकडे गेला, आणि एका महिन्यानें आवश्यक त्या कार्यवाहीसाठीं फिरून त्याच ठाण्याच्या टेबलावर येऊन बसला. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें त्याच्याच हातीं तें सोंपवावयाचें, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्यांत कांहीं वावगें आहे असें कोणासहि वाटत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयास मात्र तें वाटलें होतें. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंग यांनीं १९९६ सालीं केलेल्या अर्जावर दहा वर्षांनीं, २२ सप्टेंबर २००६ रोजीं, न्यायालयानें पोलीस सुधारणेचे सात आदेश दिले. त्यांतील एक असा कीं, प्रत्येक जिल्ह्यास व प्रत्येक राज्यास पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीं स्वतंत्र प्राधिकरण असावें; जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावे; आणि त्याची शिफारस संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक असावी. महाराष्ट्रानें या आदेशास कायद्याचें रूप दिलें तें २०१४ सालीं, म्हणजे आठ वर्षांनीं. कोठडींतील मृत्यु, जबर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, लांचलुचपत, खंडणी, इतकेंच नव्हे तर जमीन किंवा घर बळकावणें, हे सर्व विषय प्राधिकरणाच्या कक्षेंत घातले. मुळशीसारख्या तालुक्यांत या शेवटल्या विषयाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. पण देतांना दोन ठिकाणीं हात आंखडला. न्यायालयानें जिल्हा म्हटलें होतें, कायद्यानें महसुली विभाग म्हटलें. त्यामुळें पुणें, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांस मिळून एक दार. आणि न्यायालयानें बंधनकारक म्हटलें होतें, तर कायद्यानें अपवादात्मक प्रसंगीं कारणें नमूद करून शिफारस फेटाळण्याची मोकळीक सरकारास ठेविली. आम्ही सुशिक्षित वाचकांस विचारतों: असें कांहीं प्राधिकरण आहे हें आपणांपैकीं कितीजणांस ठाऊक होतें? आपणांस ठाऊक नसेल, तर भाताच्या खाचरांत उभ्या असलेल्या माणसास तें कोणीं सांगावयाचें?

दिवाणी दाव्याची वाट याहूनहि अरुंद आहे. १९५१ सालच्या पोलीस कायद्याच्या १६१ व्या कलमाप्रमाणें, कर्तव्याच्या नांवाखालीं केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा किंवा खटला आणावयाचा तर तो सहा महिन्यांच्या आंत आणला पाहिजे. दाव्यापूर्वीं एक महिन्याची नोटीस दिली पाहिजे. सरकारची परवानगी मिळाली तर खटल्यास दोन वर्षांची मुदत मिळते. पण परवानगी देणारें सरकार तेंच, ज्याचा नोकर आरोपी आहे. संशयितास मारणें हा कर्तव्याचा भाग नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्राच्याच एका प्रकरणांत १९६६ सालीं सांगितलें होतें. तरी अमुक कृत्य कर्तव्याचें कीं कर्तव्याबाहेरचें, हा वाद प्रत्येक वेळीं नव्यानें घालावा लागतो, आणि तो घालण्यांतच गरीबाचें घर बसतें. ज्याचा अर्ज ठाण्याठाण्यांतून फिरण्यांत पांच महिने गेले, त्याला सहावा महिना किती लांब पडणार?

या झांकाझांकीचा परिणाम काय होतो हें एका प्रकरणावरून दिसेल. परभणीचा ख्वाजा युनूस हा तरुण अभियंता घाटकोपरच्या बाँबस्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्यें पकडला गेला. जानेवारी २००३ मध्यें तो औरंगाबादेकडे नेतांना पळून गेला असें पोलिसांनीं सांगितलें. पुढें गुन्हे अन्वेषण विभागानें तपास केला, आणि कोठडींतील मृत्यूच्या आरोपाखालीं चार पोलिसांवर खटला भरला गेला. त्यांत सचिन वाझे हे एक होते. ते निलंबित झाले, आणि खटला चालूच असतांना जून २०२० मध्यें फिरून मुंबई पोलिसांच्या सेवेंत घेतले गेले. पुढच्याच वर्षीं, मार्च २०२१ मध्यें, दुसऱ्याच एका गंभीर प्रकरणांत राष्ट्रीय तपास यंत्रणेनें त्यांना अटक केली, आणि मे महिन्यांत ते बडतर्फ झाले. आरोप म्हणजे अपराध नव्हे, हें आम्ही विसरत नाहीं. युनूसच्या मृत्यूला वीस वर्षें उलटून गेलीं तरी त्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता, ही तर या गोष्टींतील सर्वांत लाजिरवाणी बाब आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, खुनाचा खटला शिरावर असलेला अधिकारी पुनः खुर्चीवर बसतो तेव्हां त्याच्यासमोर फिर्याद घेऊन येणाऱ्या नागरिकास तें कळण्याचा हक्क आहे कीं नाहीं? हें प्रकरण मुंबईचें म्हणून वृत्तपत्रांत गाजलें. तालुक्याच्या ठाण्यावर असें घडलें तर बातमी चार ओळींची येते, अधिकाऱ्याची बदली होते, आणि बदलीच्या गांवीं तो कोऱ्या पाटीनें जातो. आपल्याकडे बदली ही शिक्षा समजली जाते. परंतु ती शिक्षा अधिकाऱ्यास नसून, जेथें त्याला पाठविलें त्या गांवास असते.

सरकारी आंकडे नाहींतच असें नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षीं आंकडे प्रसिद्ध करतो. त्यांवरून असें दिसतें कीं, २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशांत पोलीस कोठडींत १,८८८ माणसें मरण पावलीं. पोलिसांविरुद्ध ८९३ गुन्हे नोंदले गेले. ३५८ पोलिसांवर आरोपपत्र ठेवलें गेलें. आणि शिक्षा झाली ती २६ जणांस. १,८८८ पासून २६ पर्यंतची ही उतरंड कोणाहि विचारी माणसास अस्वस्थ करील. पण हे आंकडे राज्यवार असतात. राज्याच्या बेरजेंत ठाणें बुडून जातें, आणि ठाण्याबरोबर माणूसहि. महाराष्ट्रांत यंदां अमुक तक्रारी आल्या, एवढें सांगून कोळवणकरास काय उपयोग? सगळ्या तालुक्याच्या भाताची बेरीज सांगितली म्हणून त्याच्या गटाचा उतारा त्याला मिळाला असें होत नाहीं.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिला आक्षेप असा कीं, पोलिसांविरुद्धच्या पुष्कळ तक्रारी खोट्या असतात. ज्याच्यावर कारवाई झाली तो सूड म्हणून अर्ज करतो. हें कांहीं अंशीं खरें आहे. पण खोटें उघडकीस आणण्याचें साधन नोंद ठेवणें हेंच असतें. याविषयीं पुणेंकरांस एक जुना धडा आठवावयास हरकत नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा बंदोबस्त चालू असतां घरझडत्या घेणाऱ्या गोऱ्या शिपायांविरुद्ध भयंकर गाऱ्हाणीं लोकांच्या तोंडीं होतीं. नामदार गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वासून त्यांनीं तीं गाऱ्हाणीं तेथील वृत्तपत्रांत मांडलीं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हां लिहिणारे पुढें येईनात. आणि गोखल्यांसारख्या सत्यनिष्ठ पुरुषास जाहीर माफी मागावी लागली. त्या तक्रारींत खरें किती व खोटें किती, याचा समाधानकारक निर्णय पुढें कधींच होऊं शकला नाहीं. होणार कसा? घाबरलेल्या माणसानें निर्भयपणें जाऊन सांगावें, त्यानें सांगितलेलें त्रयस्थानें लिहून घ्यावें, व त्याच्या नांवास धक्का न लागतां चौकशी व्हावी, अशी जागाच नव्हती. नोंद नसली म्हणजे खोटी तक्रार अफवा होऊन हिंडते, आणि खरी तक्रारहि अफवाच ठरते. त्यांत शिपायाचें कल्याण नाहीं, नागरिकाचेंहि नाहीं.

खुद्द मुळशीचाच दाखला घ्या. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं येथें सत्याग्रह उभारला. त्यांत मावळ्यांनीं काय सोसलें हें आज आपणांस कळतें, तें वि. म. भुस्कुटे यांच्यासारख्या त्या लढ्यांतल्या माणसांनीं तें लिहून ठेविलें म्हणून. ज्याच्या शेजारीं लिहिणारा असतो त्याचें दुःख इतिहासांत जातें. ज्याच्या शेजारीं तो नसतो त्याचें दुःख त्याच्याबरोबर विझतें. नागरिकाच्या न्यायाचा प्रश्न अशा योगायोगावर सोडावयाचा काय?

दुसरा आक्षेप पोलिसांच्या मनोधैर्याचा. बारा-बारा तासांची हजेरी, सणावारीं बंदोबस्त, गळक्या वसाहती, वरून राजकारण्यांचा दाब. त्यांत पुनः ही उघडी वही डोक्यावर टांगली तर शिपाई काम कसें करील? शिपायाचे हाल आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांवर कोणी लिहील तर त्याच्या बाजूनें आम्हीहि लिहूं. पण त्या हालांचा मोबदला म्हणून नागरिकाच्या अंगावर हात टाकण्याची मुभा देतां येत नाहीं. शिवाय उघड्या वहीचें भय कोणास असावें? अमेरिकेंत शिकागो शहरीं न्यायालयाच्या २०१४ सालच्या निकालानें पोलिसांवरील तक्रारींचीं दप्तरें खुलीं झालीं. तेव्हां असें दिसून आलें कीं, पुष्कळशा तक्रारी थोड्याच अधिकाऱ्यांच्या नांवावर सांचलेल्या आहेत आणि बहुसंख्य शिपायांच्या नांवावर फारसें कांहीं नाहीं. म्हणजे बंद दप्तरामुळें नुकसान होतें तें सरळ शिपायाचें. शंभरांतील पांचांचे डाग झांकण्यासाठीं पंचाण्णवांनीं संशयाची घोंगडी पांघरून कां हिंडावें? ज्याचा उतारा स्वच्छ आहे तो तर तो चौकटींत लावून भिंतीवर टांगील.

त्याच देशांतील दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. मे २०२० मध्यें मिनिआपोलिस येथें ज्या पोलिसाच्या गुडघ्याखालीं जॉर्ज फ्लॉइड याचा जीव गेला, त्या पोलिसाविरुद्ध पूर्वीं सतरा-अठरा तक्रारी झालेल्या होत्या. त्यांपैकीं बहुतेक कांहींच न होतां मिटल्या होत्या. न्यूयॉर्क राज्यांत १९७६ सालापासून पोलिसांचीं शिस्तभंगाचीं दप्तरें गुप्त ठेवणारा कायदा होता. त्या मृत्यूनंतर पंधरवड्याच्या आंतबाहेर, जून २०२० मध्यें, तो रद्द झाला, आणि ऑगस्टांत तेथील एका नागरी हक्क संस्थेनें तीन लाखांहून अधिक तक्रारींची यादी लोकांपुढें ठेविली. त्यायोगें तेथील पोलीस दल कोसळून पडलें नाहीं. इंग्लंडांत तर २०१७ च्या कायद्यान्वयें बडतर्फ झालेल्या पोलिसांची यादीच ठेविली जाते. त्यांतील माणसास दुसऱ्या कोणत्याहि पोलीस दलांत घेतां येत नाहीं, व ती यादी सामान्य माणसासहि पाहतां येते. आमचा पोलीस कायदा, आमचे हुद्दे, आमची फिर्यादीची पद्धत, इतकेंच नव्हे तर 'पोलीस' हा शब्दसुद्धां आम्ही ज्या देशाकडून घेतला, त्याच्याकडून एवढी एक गोष्ट घेण्यास हरकत कां असावी?

तिसरा आक्षेप खासगीपणाचा. याचें उत्तर देण्यास फार शब्द नकोत. पोलिसाचा आजार, त्याचें कुटुंब, त्याचा पत्ता, त्याची जातपात हें सर्व त्याचें स्वतःचें आहे. तें कोणीं विचारूं नये. पण गणवेष अंगावर असतांना, सरकारच्या नांवानें, सरकारनें दिलेल्या काठीनें त्यानें जें केलें तें त्याचें खासगी कसें? वार लोकांच्या अंगावर झाला, भरपाई लोकांच्या करांतून गेली, आणि वळ तेवढा साहेबांच्या खासगींत जमा झाला, हा हिशेब कोणत्या शाळेंत शिकवितात?

म्हणून आमची मागणी नेमकी सांगतों. प्रत्येक ठाण्यांत पोलिसांविरुद्ध आलेल्या तक्रारीस क्रमांक पडावा व पोच जागच्या जागीं मिळावी. न दिल्यास तोच दोष मानावा. चौकशी त्या ठाण्याबाहेरील अधिकाऱ्याकडे किंवा प्राधिकरणाकडे जावी, आणि तिचा निकाल त्या क्रमांकापुढें लिहिला जावा. तक्रार करणाराचें नांव कोणत्याहि परिस्थितींत प्रसिद्ध होऊं नये, कारण गांवांत राहून त्याला त्याच रस्त्यानें जावयाचें असतें. तक्रार सिद्ध झाली नसेल तर पोलिसाचेंहि नांव येऊं नये. सिद्ध झाली असेल, शिक्षा झाली असेल, किंवा न्यायालयांत आरोपपत्र दाखल झालें असेल, तर मात्र नांव व हुद्दा यांसह ती नोंद खुली असावी, आणि बदलीबरोबर त्या अधिकाऱ्याच्या मागोमाग नव्या ठाण्यास जावी. पोलिसांविरुद्धचे दावे किती, भरपाई किती व ती कोणत्या ठाण्याच्या कृत्याबद्दल, याचा वार्षिक हिशेब विधिमंडळापुढें ठेवावा. पोलीस कायद्यांत दोन कलमें घालून हें सारें करितां येईल. त्याला तिजोरींतून दौलत ओतावी लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट. आमच्या खेड्यांत चावडीवाचनाची रीत आहे. सातबाऱ्याच्या नोंदी तलाठी चावडीवर मोठ्यानें वाचतो. ज्याला हरकत घ्यावयाची तो तेथेंच घेतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांस, ज्यांस अक्षर येत नाहीं त्यांसहि आपल्या नांवापुढें काय लिहिलें आहे हें त्यामुळें कळतें. वर्षांतून एकदां, ग्रामसभा भरलेली असतांना, ठाण्याच्या अधिकाऱ्यानें येऊन आपल्या ठाण्याचा हा दुसरा सातबाराहि तसाच वाचून दाखवावा: तक्रारी इतक्या आल्या, इतक्या खोट्या निघाल्या, इतक्या खऱ्या ठरल्या, अमक्यास अमुक शिक्षा झाली. एखाद्या वर्षीं तो कागद कोराहि असेल. त्या दिवशीं गांवकरी त्या अधिकाऱ्यास नारळ देतील, आणि तो नारळ भीतीपोटीं दिलेला नसेल. कोळवणचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपला उतारा चारचौघांत ऐकत आला आहे. साहेबांनींहि एकदां आपला ऐकवावा.